'संपलं' म्हणायचं नाही! तुमच्या घरात कोणते शब्द टाळायचे?

माणदेशची लेक :

नमस्कार मंडळी. म्हणी आणि वाक्प्रचारांवर इथे पुष्कळ लिहून झालंय, ते पुन्हा नको. मला हवेत ते जरा निराळे शब्द. घरातली मोठी माणसं काही शब्द तोंडातून काढूच देत नसत आणि त्यांच्या जागी दुसरे म्हणायला लावत, ते. तुमच्याकडे कोणते होते, कोण म्हणायचं, कुठल्या प्रसंगाला म्हणायचं, हे सविस्तर लिहा.

माझं माहेर माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला. घरात शब्द चालायचा तो आज्जीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण कोण काय बोलतंय याकडे तिचा कान सतत असायचा. तिच्या घरात मीठ, पीठ, तेल, कुंकू यांतलं काही कधी संपलं नाही, ते 'वाढलं'. नारळ फोडला नाही, वाढवला. बांगडी पिचली तर बांगडी वाढली. मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढलं, आणि पुन्हा ओवून होईपर्यंत बाईनं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायचं. दिवा शांत करायचा, तोही तोंडानं फुंकून नाही. घरातून निघताना 'येते' म्हणायचं. एवढं बहुतेकांकडे असेल, त्यावर थांबत नाही.

कुणी वेडंवाकडं बोललं की आज्जी म्हणायची, "शुभ बोल रं नाऱ्या, तर म्हनं मांडवाला आग लागली." तिन्हीसांजेला तर फारच जपायची. त्या वेळी वास्तू 'तथास्तु' म्हणत असते आणि तोंडातून निघालेलं खरं होतं, हा तिचा पक्का विश्वास. आम्ही भावंडं भांडताना "मर तिकडं" म्हणालो तर दिवसा रागावणं असायचं, दिवेलागणीला फटका.

अंधार पडला की सापाचं नाव नाही. 'लांबडं' म्हणायचं. तो चावला तर 'पान लागलं'. मी सहा-सात वर्षांची असेन. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. चुलते गोठ्याकडून आले, उंबऱ्याबाहेरच थांबले आणि म्हणाले, "गड्याला पान लागलंय." आवाज जराही चढला नव्हता. मला वाटलं, विड्याचं पान खाऊन काही झालं असेल. पण आईनं थापलेली भाकरी तशीच काथवटीत ठेवली, चुलतीनं कंदील उचलला, आणि बघता बघता बैलगाडी जुंपून झाली. ओरड नाही, रडारड नाही. गडी वाचला, रातोरात तालुक्याच्या दवाखान्यात नेला म्हणून. पण "साप चावला" असं आमच्या घरात त्या रात्री किंवा नंतरही कुणी म्हणालं नाही.

रोगाचंही तसंच. माझ्या चुलतीच्या तोंडावर वण होते. तिला लहानपणी 'देवी आल्या होत्या'. रोग झाला होता असं कुणी म्हणत नसे. शाळेत टोचायला माणूस यायचा, तोही 'देवी काढायला'. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, त्यामुळे हे बोलणं आमच्या पिढीबरोबर जाणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. १९७२ चा दुष्काळ. शके १८९४ ला अधिक वैशाख आला होता, म्हणजे वर्ष खरोखरीच तेरा महिन्यांचं होतं. 'दुष्काळात तेरावा महिना' ही आमच्याकडे त्या वर्षी म्हण राहिली नव्हती, पंचांग होतं. आधीचं सालही ओढीचंच गेलेलं, आणि मग मृगापासून हस्तापर्यंत पाऊस असा झालाच नाही. आई आणि चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी लालसर, चव नसलेली. लहान मुलांच्या घशाखाली उतरायची नाही, तरी खायचो.

त्या दिवसांत आज्जीनं मला कणगीत किती जोंधळं आहेत ते बघायला सांगितलं. कणगी माझ्याहून उंच. पाटा उभा करून त्यावर चढले, पोटावर आडवी होऊन आत हात घातला, तर बोटांना तळाचा शेणाचा सारवा लागला. कडेला थोडे दाणे होते. मी आतूनच म्हणाले, "आज्जी, जोंधळं संप..." तिनं मागून माझं तोंड दाबलं. जोरात दाबलं, ओठ दातांवर आपटला. म्हणाली, "वाढलं म्हन. आपल्या तोंडानं नगं." मग मला खाली उतरवून तिनं स्वतः हात घातला, ते दाणे गोळा केले, सुपात घेतले, निवडले, आणि त्यातले मूठभर परत कणगीत टाकले. "कनगी कवा उघडी पडू देऊ नये." उरलेले भरडून त्यांच्या कण्या शिजवल्या.

आज्जीच्या हातात त्या वर्षी काहीच नव्हतं. पाऊस नाही, दाणा नाही, वैरण नाही म्हणून बैलही विकलेले. घरात काय बोललं जावं, एवढंच तिच्या ताब्यात राहिलं होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढं मी शिकले, नोकरी केली, पुष्कळ पुस्तकं वाचली. तरी आजही किराण्याची यादी करताना मी लिहिते, 'तूरडाळ वाढली'.

एक नेमका प्रश्नही आहे. खळ्यावर रास मापताना आज्जी पहिल्या मापाला 'एक' म्हणू देत नसे. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. मापणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, दुसऱ्यानं त्याच्याशीही बोलायचं नाही. हे आणखी कुठं होतं का?

वेंगुर्लेकर :

ताई, कणगीचं वाचून थांबलो थोडा वेळ.

आमच्याकडे रात्री 'जनावर'. आजी म्हणायची, "रातचा नाव घेव नको." पान लागणं आमच्याकडेही आहे, म्हणजे घाटावर आणि खाली एकच. निघताना 'येतंय'. "जातंय" म्हटलं की आजी परत बोलावून घरात बसवायची, पाणी द्यायची, आणि मग "येतंय म्हण" असं सांगून सोडायची. मुंबईची गाडी चुकायची वेळ आली तरी.

गणपतीत माझा मुंबईचा चुलतभाऊ नदीवरून आला आणि म्हणाला, गणपती बुडवले. आजी ओटीवर बसली होती. "बुडवलो म्हणा नको रे बाबा, पोचवलो म्हण." उत्तरपूजेला भटजी 'पुनरागमनाय च' म्हणतात, त्याचा अर्थ तिला ठाऊक नसावा, पण भाव तोच. आणि पाट रिकामा घरी आणायचा नाही. नदीतली मूठभर वाळू पाटावर ठेवूनच परत यायचं. तुमच्या आज्जीची मूठ आणि ही मूठ, दोन्ही एकाच समजुतीतल्या वाटतात मला.

गाऱ्हाण्यात मात्र आमची माणसं वाईटाचं नाव बेधडक घेतात. कुणी वाकडं केलं असेल, कुणाची वाईट नजर असेल, सगळं देवापुढं मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. घरात जे तोंडातून काढायचं नाही ते बोलायला तेवढी एक जागा ठेवलेली.

बार्शीचा दुकानदार :

'लाभ' आमच्याकडे होता. आजोबांची आडत होती. पोती मापताना हमाल सुरावर मोजायचे, सुरुवात लाभानं. वजनकाटे आले, पायली-शेर गेले, मग मोजणंच राहिलं नाही. लहानपणी मला वाटायचं की लाभ हा खरंच एक आकडा आहे. पहिलीत गुरुजींना "लाभ, दोन, तीन" असं म्हणून दाखवलं होतं.

किराणा दुकानात अजून बरंच टिकून आहे. रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी, तिला माल नसला तरी 'नाही' म्हणायचं नाही. वडील म्हणायचे, "संध्याकाळी येतोय बघा." मग खरंच दुसऱ्या दुकानातून आणून ठेवायचे, कारण शब्द दिलेला असायचा. दिवेलागणीला मीठ आणि सुई द्यायची नाही. शेजारची बाई आली तर आई म्हणायची, "वहिनी, सकाळी पाठवते पोराबरोबर." बाईलाही कळायचं, ती कधी रागावली नाही.

गल्ला कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, एक नाणं राहू द्यायचं. रोजमेळात शिलकेला नुसती शिल्लक लिहीत नाहीत, 'श्री शिल्लक' लिहितात. फार थोडी असली तरी श्री. मुलगा आता संगणकावर हिशेब ठेवतो. त्यात त्याला मी तो रकाना 'श्री शिल्लक' या नावानंच करायला लावला.

पंचगंगाकाठची :

सगळ्यांचं वाचलं. लेखन सुंदर आहे, पण मला एक बोलायचं आहे आणि राग मानू नये.

माझी मावशी ऐन पंचविशीत विधवा झाली. ज्या बायका बांगडी पिचली की 'वाढली, वाढली' म्हणत हळहळायच्या, त्याच बायकांनी तिचे दोन्ही हात धरून बांगड्या फोडल्या. मी दारात उभी होते. एक काच तिच्या मनगटात शिरली, ती काढायलाही कुणी थांबलं नाही. त्या वेळी 'वाढवल्या' कुणी म्हणालं नाही. सरळ 'फोडा' म्हणाल्या. म्हणजे मऊ शब्द कुणासाठी होते, तर जिचं कुंकू शाबूत आहे तिच्यासाठी. मावशीला पुढं सकाळी वाटेत आडवी येऊ नको म्हणून सांगायचे, तेव्हा तिन्हीसांजा आणि वास्तुपुरुष कुणाला आठवले नाहीत.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला : कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "लई उशीर केला गं."

माणदेशची लेक, तुमच्या आज्जीबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते. विधवा बाईसाठी त्यांच्याकडे कोणता शब्द होता?

माणदेशची लेक :

राग कसला, ताई. हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

माझी आज्जी स्वतः विधवा होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहिलं नाही, कारण लहानपणापासून मी तिला तशीच पाहिली, मोकळ्या कपाळाची, आणि आज्जी म्हणजे अशीच असते असं वाटायचं. "कुंकू वाढलंय, बाजारातनं आना" हे ती सुनांसाठी सांगायची. स्वतःसाठी त्या डबीला तिनं हात लावलेला मला आठवत नाही. हळदीकुंकवाला ती आतल्या खोलीत सरकायची, तिला कुणी जा म्हणावं लागत नसे. शब्द होता तो शिवीसारखा, तो इथं लिहवत नाही. लग्नपत्रिकेवर तेवढं 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, छापत. रोजच्या बोलण्यात तिच्यासाठी घरानं एकही गोड शब्द तयार केला नाही आणि तिनंही तो मागितला नाही.

याहून बोचणारं सांगते. आज्जीची चौथी मुलगी, माझी धाकटी आत्ती. तिचं नाव नकुसा. पुढं मुलगी नको, म्हणून. 'जोंधळं संपलं' म्हणू न देणारी आज्जी अंगणात उभी राहून दिवसभर त्या नावानं हाका मारायची. तिन्हीसांजेलाही. वास्तू तेव्हाही तथास्तु म्हणतच असणार की. मुलं जगत नाहीत म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवायचे, त्यात दृष्ट लागू नये, पोर टिकावं ही धडपड तरी होती. नकुसात तसलं काही नाही, सरळ नकार आहे. २०११ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात समारंभ करून दोनशेहून जास्त नकोशा-नकुसांना नवी नावं दिली. आत्ती तेव्हा म्हातारी झाली होती, ते मुलींसाठी होतं. तिच्या रेशनकार्डावर तेच नाव राहिलं. सासरी तिला चांगलं नाव मिळालं होतं, पण माहेरी आली की पुन्हा नकुसा.

म्हणून आज्जीचे शब्द टाकून द्यावेत असं मात्र मला वाटत नाही. कणगीपाशी तिनं माझं तोंड दाबलं त्यात माया होती, हे मला त्या हाताच्या दाबावरून कळलं होतं. ती माया तिला आत्तीपर्यंत आणि स्वतःपर्यंत नेता आली नाही, नेऊ दिली गेली नाही. हे सगळं एकत्रच लिहून ठेवायला हवं. 'वाढलं' एका पानावर आणि 'नकुसा' त्याच्या पाठीमागं.

बडोद्याची मंडळी :

आम्ही चार पिढ्या बडोद्यात, घरात मराठी. इथे गुजरातीतही दुकान 'वधावतात', आणि निरोप घेताना म्हणतात 'आवजो', म्हणजे या. दिवा मालवला तर 'दीवो राणो कर्यो'. दिवाळीनंतर नव्या वर्षाच्या पहाटे मुलं 'सबरस, सबरस' ओरडत दारोदार मीठ विकतात. त्या सकाळी त्याला मीठ म्हणत नाहीत, आणि माझी आजी ते अगदी मराठी पद्धतीनं हळदीकुंकू वाहून घ्यायची.

गं. भा. वरून आठवलं. आजोबांची पत्रं माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर वर 'श्री', खाली 'तीर्थरूप', 'सौ.', 'चि.', 'गं. भा.', प्रत्येकाला ज्याचं त्याचं. 'इकडील क्षेम, तिकडील कुशल कळवणे' हे घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी आधी यायचं, मग खरी हकिगत. मृत्यूचं पत्र असेल तर वर श्री नसायचा. ते पोस्टकार्ड हातात आलं की आजी पहिल्यांदा वरचा भाग बघायची. श्री नसेल तर तिथेच, पायरीवर बसूनच वाचायची आणि वाचून फाडून टाकायची. घरात न्यायची नाही. त्यामुळे आमच्याकडच्या पेटीत घरातल्या एकाही माणसाच्या जाण्याचं पत्र नाही. कोण कधी गेलं ते वंशावळ लिहिताना मला इतर पत्रांतून शोधावं लागलं : अमुक साली 'सौ.' होती ती पुढच्या साली 'गं. भा.' झाली, म्हणजे मधल्या काळात काका गेले असणार.

माणदेशची लेक :

बडोदेकर, हे फार मोलाचं सांगितलंत. ती पत्रं शक्य असेल तर तारखांसकट उतरवून ठेवा.

बार्शीचे दादा, तुमच्याकडे लाभानंतर सगळे आकडे सरळ होते का? मला धूसर आठवतं की आज्जी आणखी एका आकड्याला अडखळायची, पण तो कुठला ते सुचत नाही. जुने हमाल अजून कुणी असतील तर विचारा.

वेंगुर्लेकर, गाऱ्हाण्यात मोठ्यानं बोलायची जागा ठेवलेली असते हे मला नवीन होतं. ते गाऱ्हाणं घालायचा मान बायकांना कुठं असतो का, तेही सांगा.

आणि पंचगंगाकाठच्या ताई, मावशींना विचाराल का, त्यांच्या गावात त्या ठरावानंतर काही बदललं का? हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं का, आणि बोलावलं असेल तर कोणत्या शब्दांत? त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत, न सुधारता, इथं लिहा.